मुरबाडच्या लॅबमध्ये शहापूरचा लॉगिन

शहापूरला आसनगाव स्टेशनच्या बाजूला मुख्य इमारत आणि मुरबाडला दुसरं कॉलेज, अशी एखादी शिक्षण संस्था धरून चालू. दोन्हीकडे मिळून दीड-दोनशे संगणक. प्रत्येक संगणकाला वेगळा पासवर्ड, तोही बहुधा मॉनिटरच्या कडेला चिठ्ठीवर चिकटवलेला. दोन वर्षांपूर्वी नोकरी सोडून गेलेल्या सरांचं खातं अजून चालू. शहापुरात बदललेला पासवर्ड मुरबाडला पोचतच नाही. यावरचा उपाय म्हणजे डिरेक्टरी सर्व्हर. सगळ्या खात्यांची नोंद एका जागी राहते आणि प्रत्येक संगणक तिथे विचारूनच माणसाला आत घेतो. खातं एकदा बंद केलं की दोन्ही गावांत बंद.

विंडोजची ॲक्टिव्ह डिरेक्टरी बहुतेकांना ऐकून माहीत असते. लायसन्सचा खर्च नको असेल आणि लॅबमध्ये लिनक्स असेल, तर फ्री-आयपीए हा चांगला पर्याय आहे. त्याच्या पोटात 389 डिरेक्टरी सर्व्हर असतो. त्याचा वंश जुना आहे. मिशिगन विद्यापीठात 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला एलडॅप, म्हणजे डिरेक्टरीला प्रश्न विचारायची ठरलेली पद्धत, जन्मली, तिथली काही मंडळी नेटस्केपमध्ये गेली, नेटस्केपचा सर्व्हर रेड हॅटने 2004 मध्ये एओएलकडून घेतला आणि पुढच्या वर्षी खुला केला. 2009 पासून त्याला एलडॅपच्या ठरलेल्या पोर्टचा क्रमांक हेच नाव आहे.

इन्स्टॉलरचं काम चहा येईपर्यंत उरकतं. अडतं ते त्याच्या आधी आणि नंतर, म्हणून आधी-नंतरचंच सविस्तर सांगतो.

पहिली गोष्ट मशीन. सेंटओएस 7 अजून कित्येक लॅबमध्ये दिसतं, पण त्याचा आधार 30 जून 2024 ला संपला. नवी उभारणी अल्मा लिनक्स किंवा रॉकी लिनक्सच्या 9 क्रमांकाच्या आवृत्तीवर करा. जुन्या नोट्समध्ये ओपन-एलडॅपचा सर्व्हर टाकण्याची जी आज्ञा असते, ती आता मूळ भांडारात काहीच शोधू शकत नाही, कारण रेड हॅटने 8 व्या आवृत्तीपासून ते पॅकेज काढून टाकलं. रॅमचं म्हणाल तर 10 हजार वापरकर्ते आणि 100 गट यांच्यासाठी रेड हॅट किमान 4 जीबी सांगते. आपली संख्या त्याहून कितीतरी कमी, पण 4 जीबीच्या खाली जाऊ नका. बचत करावी अशी ही जागा नाही.

‘आयपीए-सर्व्हर’ हे एक पॅकेज मागितलं की त्याच्यामागून ढीगभर येतात: 389, तिकिटं देणारं कर्बेरॉस, प्रमाणपत्रं देणारं डॉगटॅग, डॉगटॅगला लागतं म्हणून जावा आणि टॉमकॅट, वेबपानासाठी अपाची, शिवाय संगणकाच्या बाजूने लॉगिन सांभाळणारं एसएसएसडी. डीएनएसचं पॅकेज मात्र वेगळं मागावं लागतं, आणि ते हमखास विसरलं जातं. एवढ्या गोतावळ्यामुळे या सर्व्हरला मोकळं मशीन लागतं. 80, 443, 389, 636 हे पोर्ट तर रिकामे हवेतच, डॉगटॅगसाठी 8080 आणि 8443 सुद्धा हवेत. कॉलेजात नेमकी इथेच ठेच लागते. कुणीतरी जावाच्या प्रॅक्टिकलसाठी त्याच मशीनवर टॉमकॅट टाकून ठेवलेला असतो आणि तो 8080 वर बसलेला असतो. सुरुवातीलाच ‘एसएस’ आज्ञेने कुठला पोर्ट कुणी धरलाय ते बघून घ्या. मुरबाडलाही पुढे या सर्व्हरची प्रतिकृती बसवायची आहे, तेव्हा इंटरनेट संथ असेल तर पॅकेजेस शहापूरला एकदाच उतरवून घ्या आणि पेनड्राइव्हवर मुरबाडला न्या. ‘डीएनएफ डाउनलोड’ला ‘रिझॉल्व्ह’ हा पर्याय जोडला की त्या मशीनवर आधीपासून नसलेली मागची पिलावळ सोबत उतरते. दोन्ही मशीनवर आवृत्ती मात्र एकच हवी.

सुरक्षेच्या नावाखाली आयपीव्ही6 कर्नलमधूनच बंद करायची सवय अनेकांना आहे. ती इथे नडते. आयपीव्ही6 चा पत्ता वापरायची सक्ती नाही, पण कर्नलमध्ये ते जिवंत नसेल तर इन्स्टॉलर पुढे जात नाही. एसई-लिनक्स हे सुरक्षेचं कवच बंद करायचीही तशीच सवय असते. ते बंद करून प्रश्न सुटल्यासारखा वाटतो, पण फक्त नजरेआड होतो.

आता नाव. मशीनला पूर्ण नाव हवं, सगळं लहान अक्षरांत, आणि होस्ट्स फाइलमध्ये ते नाव मशीनच्या खऱ्या पत्त्यासमोर लिहिलेलं हवं, 127.0.0.1 समोर नव्हे. नावावरून पत्ता आणि पत्त्यावरून नाव, दोन्हीकडून एकच उत्तर आलं पाहिजे. शेवटी ‘डॉट लोकल’ लावू नका. ते छपाईयंत्रं वगैरे आपोआप शोधणाऱ्या यंत्रणेसाठी राखून ठेवलेलं आहे. संस्थेचं स्वतःचं डोमेन असेल तर त्याचंच उपनाव घ्या. हा निर्णय घाईत नको, कारण कर्बेरॉसचं क्षेत्र आणि डोमेन एकदा ठरलं की नंतर बदलता येत नाही. बदलायचं तर सगळं पुसून पहिल्यापासून.

घड्याळाकडे लोक दुर्लक्ष करतात आणि मग दिवसभर पासवर्ड बदलत बसतात. सर्व्हर आणि संगणक यांच्या वेळेत 5 मिनिटांहून जास्त फरक पडला की कर्बेरॉस तिकीट नाकारतं. लॅबमधल्या जुन्या मशीनच्या मदरबोर्डवरची सीआर2032 बॅटरी संपलेली असते. वीज जाऊन आली की ते मशीन कुठल्या तरी भलत्याच वर्षात जागं होतं. एकाच संगणकावर विंडोज आणि लिनक्स दोन्ही असतील तर आणखी एक मजा. विंडोज मदरबोर्डच्या घड्याळात भारतीय वेळ लिहितं, लिनक्स तीच जागतिक वेळ समजतं, आणि संगणक बरोब्बर साडेपाच तास पुढे जातो. साडेपाचाचा आकडा दिसला की दुसरं कारण शोधायलाच नको. वेळ जुळवणारं क्रोनी चालू ठेवा आणि यूडीपी 123 बाहेर जाऊ द्या. फ्री-आयपीए आता स्वतः वेळ वाटत नाही, म्हणून लॅबमधलं एक मशीन वेळेसाठी नेमलं तर उत्तम. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या 28 एप्रिल 2022 च्या निर्देशांनुसार ही वेळ एनआयसी किंवा राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेच्या सर्व्हरशी जुळलेली हवी. याच निर्देशांत लॉग 180 दिवस ठेवायलाही सांगितलं आहे. 389 आपले जुने लॉग ठरावीक मर्यादेनंतर पुसतो, तेव्हा ते आधीच दुसरीकडे साठवायची सोय करा.

एवढं झाल्यावर फायरवॉल. टीसीपीवर 80, 443, 389, 636. टीसीपी आणि यूडीपी दोन्हींवर 88, 464, आणि डीएनएस घेतलं असेल तर 53. कर्बेरॉसचा यूडीपीच उघडून थांबलात तर छोटी तिकिटं चालतील आणि मोठी अडतील. अनेक गटांत असलेल्या माणसालाच लॉगिन होत नाही, अशी चमत्कारिक तक्रार त्यातून येऊ शकते. फायरवॉल-डीमध्ये ‘फ्रीआयपीए-4’ नावाची तयार सेवा आहे. तिच्यात डीएनएस नसतं, ते वेगळं जोडावं लागतं. ॲक्टिव्ह डिरेक्टरीच्या मानाने ही यादी आटोपशीर म्हणायची. तिकडे 135 आणि 445 लागतात, शिवाय 49152 ते 65535 हा अख्खा पट्टा उघडावा लागतो.

आपल्या यादीतले पोर्ट उघडूनही जोडणी होत नसेल तर दुरून ‘एनसी’ने पोर्ट तपासा आणि उत्तर नीट वाचा. ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ लगेच आलं तर निरोप मशीनपर्यंत पोचला, पण त्या पोर्टवर कुणी ऐकत नाही. सेवा बंद आहे. बराच वेळ काहीच न होता ‘टाइम आउट’ आला तर वाटेत कुणीतरी निरोप गिळला, म्हणजे फायरवॉल किंवा राउटर. कडी वाजवल्यावर आतून ‘साहेब घरी नाहीत’ ऐकू येणं वेगळं आणि फाटकावरच अडवलं जाणं वेगळं. एक अपवाद लक्षात ठेवा. फायरवॉल ‘रिजेक्ट’वर लावलेली असेल तर तीही लगेच नकार देते, पण तेव्हा संदेश बहुधा ‘नो रूट टू होस्ट’ असा येतो. तो वाचून लोक केबल तपासत बसतात.

मुरबाड कसं जोडायचं? सर्व्हरचा 389 इंटरनेटवर उघडून ठेवणं ही सगळ्यात सोपी आणि सगळ्यात वाईट वाट. साध्या 389 वर टीएलएस न लावता पासवर्ड पाठवला तर तो उघडाच जातो. दोन इमारतींमध्ये वायरगार्ड या व्हीपीएनचा बोगदा घाला. लिनक्सच्या कर्नलमध्ये तो 2020 च्या 5.6 आवृत्तीपासून आहे आणि त्याला एकच यूडीपी पोर्ट लागतो, सहसा 51820. ग्रामीण भागातल्या बऱ्याच जोडण्यांना स्वतःचा सार्वजनिक पत्ता नसतो, पण तो एका टोकाला असला तरी भागतं. नसलेल्या टोकाकडून दर 25 सेकंदांनी हजेरी द्यायला सांगा, म्हणजे वाट बुजत नाही. वरचे सगळे पोर्ट मग फक्त बोगद्यातल्या पत्त्यांना उघडा.

त्यानंतर मुरबाडला सर्व्हरची प्रतिकृती बसवा. पावसाळ्यात फायबर तुटली तरी तिथलं लॉगिन तिथल्या तिथे चालतं आणि जोडणी आली की बदल आपोआप दोन्हीकडे पोचतात. प्रतिकृती उभारताना दोन्ही मशीनची एकमेकांकडे जाण्याची वाट तपासली जाते आणि त्यासाठी 22 क्रमांकाचा पोर्टही लागतो. काम झाल्यावर तो पुन्हा आवळा. प्रतिकृती फार काळ तुटून राहिली तर मुख्य सर्व्हरवरची बदलांची वही मधेच कापली जाते आणि प्रतिकृती नव्याने भरून घ्यावी लागते. म्हणून जोडणी तुटली की कुणाला तरी संदेश जाईल असं करा. महिनाभराने कळलेल्या बिघाडाचा उपयोग नाही.

शेवटी एक. फायरवॉल-डीचे नियम ‘पर्मनंट’ न लिहिता दिले तर ते फक्त मशीन चालू असेपर्यंत टिकतात. काम आज चालतं, उद्या वीज जाऊन येते आणि सगळे पोर्ट पुन्हा बंद. तेव्हा काम सोपवण्याआधी दोन्ही सर्व्हर मुद्दाम बंद करून चालू करा, आणि मुरबाडच्या एखाद्या विद्यार्थ्याला लॉगिन करायला सांगा.