दूरस्थ संगणकावरील चित्ररूप दर्शन : दोषशोधनाचा क्रम

पुण्यातील भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेत २०१९ मध्ये ‘परम ब्रह्म’ हा महासंगणक स्थापन झाला. अशा यंत्रावर सिद्ध झालेला आलेख दौंड तालुक्यातील कासुर्डी येथे घरच्या संगणकावर पाहू गेल्यास संशोधकास पुष्कळदा ‘डिस्प्ले उघडता येत नाही’ एवढेच उत्तर मिळते. त्याचा उलगडा होण्यासाठी प्रथम या व्यवस्थेचे स्वरूप ध्यानी घेतले पाहिजे.

मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत १९८४ मध्ये जन्मलेल्या एक्स विंडो प्रणालीत सर्व्हर व क्लायंट यांची स्थाने रूढ समजुतीच्या उलट असतात. पडदा व कळफलक ज्याच्या स्वाधीन, तो सर्व्हर. म्हणजे सर्व्हर कासुर्डीत, आणि आलेख काढणारा पुण्यातील प्रोग्रॅम हा त्याचा क्लायंट होय. या दोहोंमधील दळणवळण एसएसएचच्या कूटबद्ध मार्गाने चालते.

दोष याच मार्गाच्या क्रमाने शोधावा. पहिले, घरच्या संगणकावर एक्स सर्व्हर चालू आहे काय? विंडोज व मॅक यांवर तो निराळा बसवावा लागतो. दुसरे, एसएसएचच्या आज्ञेत ‘एक्स’ हा पर्याय मोठ्या रोमन अक्षराने दिला आहे काय? लहान अक्षराने ही सोय उलट बंद होते. तिसरे, पुण्याच्या यंत्रावर ‘डिस्प्ले’ या चलाचे मूल्य पाहावे; ते सामान्यतः ‘लोकलहोस्ट:१०.०’ या धर्तीचे असते. ते रिक्त असल्यास तेथील व्यवस्थापकाने अनुमती दिलेली नाही, अथवा ‘एक्सऑथ’ हे साधन तेथे नाही, असा संभव असतो. चौथे, मूल्य यथायोग्य असूनही नकार मिळाल्यास ‘एक्सऑथॉरिटी’ ही परवान्याची फाइल तपासावी. साठवणुकीची मर्यादा संपली असता ती लिहिलीच जात नाही.

या ठिकाणी घाईने ‘एक्सहोस्ट +’ ही आज्ञा देण्याचा मोह होतो. तो सर्वथा टाळावा. तिने परवान्याचे बंधनच नाहीसे होते, आणि त्या सर्व्हरपर्यंत पोहोचू शकणाऱ्या कोणासही आपण दाबलेल्या कळा, पर्यायाने आपले संकेतशब्दही, वाचता येतात. ‘वाय’ हा पर्यायही दूरच्या प्रोग्रॅमवर पूर्ण विश्वास टाकतो. म्हणून अपरिचित यंत्राशी तो वापरू नये.

खिडकी उघडूनही हालचाल मंद असेल, तर वरील तपासणी निरर्थक होय. एक्स प्रणालीत प्रत्येक कृतीस निरोपांच्या अनेक फेऱ्या लागतात. अशा वेळी आलेखाची फाइल घरी आणून पाहणेच श्रेयस्कर.