धान पाण्यात, नियम कोरडा

आपला भंडारा जिल्हा धानाचा. बांधीत पाणी नसलं की आपल्या जिवाची घालमेल होते. रोवणीच्या दिवसांत आपण एकदा आभाळाकडे बघतो आणि एकदा तलावाकडे. तेव्हा धानाला पाणी लागतं हे आपल्याला कोणी सांगायची गरज नाही. पण हेच साधं वाक्य दिल्लीच्या एका नियमात जाऊन बसलं आणि धान उत्पादकाला कित्येक हंगाम महागात पडलं. ती हकीकत आज मांडतो. नियम नेमका कुठे चुकला हे कळलं, तरच आपला अर्ज आणि पंचनामा नीट लिहिता येतो.

नियम काय होता?

प्रधानमंत्री पीक विमा योजना २०१६ च्या खरिपापासून सुरू झाली. तिच्यातला भरपाईचा मुख्य हिशेब एकट्या शेतकऱ्याचा नसतो. आपल्याकडे धानासारख्या मुख्य पिकाला तो महसूल मंडळाचा असतो. मंडळात पीक कापणी प्रयोग घेतात आणि त्यातून सरासरी उत्पन्न काढतात. ते उंबरठा उत्पन्नापेक्षा कमी भरलं तर भरपाई मिळते. उंबरठा उत्पन्न म्हणजे मागच्या ७ वर्षांपैकी चांगल्या ५ वर्षांची सरासरी काढून, तिला ठरलेल्या जोखीमस्तराने गुणून आलेला आकडा.

आता यात गोम बघा. तुमच्या बांध्या नदीकाठी आहेत, त्या बुडाल्या. त्याच मंडळातल्या वरच्या गावांत धान झकास उभं आहे. मंडळाची सरासरी चांगली निघाली, म्हणजे कागदावर तुमचंही धान चांगलं झालं! ही अडचण ओळखूनच योजनेत ‘स्थानिक आपत्ती’ हे कलम ठेवलं होतं. गारपीट झाली, दरड कोसळली किंवा शेत जलमय झालं, तर मंडळाची वाट न बघता त्या एका शेताची पाहणी करायची. शेतकऱ्याने तेव्हा ४८ तासांच्या आत कळवायचं, एवढी अट होती.

२०१८ मध्ये योजनेच्या मार्गदर्शक सूचना सुधारल्या. त्यात ढगफुटी आणि वीज पडून लागणारी आग या दोन धोक्यांची भर पडली, ते चांगलंच झालं. पण त्याच वेळी धान, ऊस, ताग अशा ‘पाणी मानवणाऱ्या’ पिकांना शेत जलमय होण्याच्या कलमातून वगळलं. म्हणजे सोयाबीन बुडालं तर नुकसान, आणि शेजारच्या बांधीतलं धान बुडालं तर कलमच लागू नाही.

म्हैस डोहात बसते, तिला पाणी आवडतं, हे खरं. म्हणून पुरात वाहून गेलेली म्हैस पोहायला गेली असं कोणी म्हणतं का?

पाऊस सिवनीत, पूर पवनीत

ऑगस्ट २०२० ची अखेर आठवा. मध्य प्रदेशात मुसळधार पाऊस झाला. सिवनी जिल्ह्यातल्या संजय सरोवराचं पाणी वैनगंगेत आलं. गोसीखुर्दचे सगळे ३३ दरवाजे उघडावे लागले. भंडारा शहरात पाणी शिरलं, पवनी आणि लाखांदूर तालुक्यांतल्या नदीकाठच्या गावांत शेतं बुडाली. महसूल खात्याच्या पंचनाम्याचा आणि सरकारी मदतीचा रस्ता वेगळा होता. पण विम्यातलं ‘शेत जलमय’ हे दार मात्र धानासाठी त्या वेळी बंद होतं.

अशा नियमाने कार्यालयात काय होतं, ते मी पाहिलेलं आहे. एका कार्यालयात पुराच्या पाण्याने धान गेलेला शेतकरी अर्ज घेऊन आला. ‘नुकसानीचे कारण’ या रकान्यापुढे छापील कारणांची यादी होती. धानापुढे जलमय चालत नव्हतं. टेबलावरचे बाबू म्हणाले, “काका, ढगफुटी लिहा, म्हणजे अर्ज पुढे सरकेल.” काका म्हणाले, “बाबू, आमच्या गावात त्या दिवशी ऊन पडलं होतं जी!” दोघांचंही बरोबर होतं. बाबूला रकाना भरायचा होता आणि काकांना खोटं लिहायचं नव्हतं. अर्ज तिथेच राहिला. नियम असा असला, की खरं बोलणारा अडकतो आणि खोट्याला वाट सापडते.

दोन कागद, दोन बोलणी

शास्त्र काय सांगतं तेही बघू. धानाच्या खोडात आणि मुळांत हवेच्या पोकळ्या असतात. पानांतली हवा त्यातून मुळांपर्यंत पोचते, म्हणून चिखलात धान जगतं. पण शेंडा पाण्याखाली गेला की हवा बंद. गढूळ पाण्यात पानांना उजेडही मिळत नाही. आठवडाभर पूर्ण बुडालं तर साधं वाण सडू लागतं. पीक फुलोऱ्यावर असताना बुडालं तर लोंब्या पोचट राहतात. पिकलेलं धान पाण्यात लोळलं तर दाण्याला कोंब फुटतात. बांधीत टीचभर पाणी आणि डोक्यावरून गेलेलं पाणी, यातला फरक आपल्या पोरांनाही कळतो.

तो सरकारलाही ठाऊक होता. ओडिशातल्या एका जुन्या धानापासून पाण्याखाली तग धरणारा गुण शास्त्रज्ञांनी स्वर्णा वाणात आणला. ‘स्वर्णा-सब१’ हे वाण भारतात २००९ मध्ये प्रसारित झालं. साधारण दोन आठवड्यांपर्यंत बुडूनही ते सावरू शकतं. बुडाल्याने धान मरतं, म्हणूनच ना हे वाण काढावं लागलं? म्हणजे २००९ चा कागद म्हणतो, बुडीत सोसणारं बियाणं घ्या. आणि २०१८ चा कागद म्हणतो, धान बुडालं तर ते कलमात बसत नाही.

नियमाची बाजू

नियम करणारे काही वेडे नव्हते. धानाच्या बांधीत पाणी कायमच असतं. त्यातलं पुराचं कोणतं आणि नेहमीचं कोणतं, हे ठरवणं अवघड, खोटे दावे येतील, ही भीती होती. ती अगदीच चूक नव्हती.

रेषा तर कुठेतरी मारावीच लागते. मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटर पाऊस झाला तर अतिवृष्टी धरतात. आपत्ती मदतीसाठी २०१५ पासून किमान ३३ टक्के नुकसानीची अट आली, त्याआधी ती ५० टक्के होती. ६४ मिलिमीटरवाल्याला वाईट वाटणारच. पण तिथे निदान पर्जन्यमापक आहे, आकडा आहे, भांडायला जागा आहे. धानाच्या बाबतीत मोजमाप अवघड म्हणून मोजणंच सोडून दिलं. नियम कडक असला तर चालतो, पण डोळ्यांसमोरचं नुकसान लिहायला रकानाच नसेल तर माणसाने जायचं कुठे?

आता काय बदललं?

मे २०२५ मध्ये राज्याने योजनेत बदल करून त्या खरिपासाठी भरपाई फक्त पीक कापणी प्रयोगावर ठेवली. म्हणजे स्थानिक आपत्तीचं कलम सगळ्याच पिकांना बंद झालं. त्यानंतर १८ नोव्हेंबर २०२५ रोजी केंद्राने जाहीर केलं, की खरीप २०२६ पासून धान जलमय होणं पुन्हा स्थानिक आपत्तीत धरलं जाईल. रानडुकरांसारख्या वन्य प्राण्यांनी केलेलं नुकसानही जोडधोका म्हणून घेता येईल. त्यातले प्राणी आणि भाग राज्याने अधिसूचित करायचे आहेत. म्हणून विमा भरण्याआधी आपल्या जिल्ह्याच्या अधिसूचनेत कोणते धोके घेतले आहेत, ते तालुका कृषी कार्यालयात वाचून घ्या. ऐकीव गोष्टीवर राहू नका.

शेत बुडालं तर पुढची कामं त्याच दिवशी करा :

• गट क्रमांक, पाणी शिरल्याची तारीख आणि वेळ लिहून ठेवा.
• शेंडा पाण्याखाली आहे की वर, ते फोटोत दिसू द्या. पाणी ओसरल्यावर दुसरा फोटो काढा.
• किती दिवस पाणी राहिलं आणि पीक कोणत्या अवस्थेत होतं (फुटवे, पोटरी, फुलोरा की पक्व), ते नोंदवा.
• ७२ तासांच्या आत कळवा. ऑनलाइन कळवलं तर नोंदणी क्रमांक, कागदावर दिलं तर पोहोच घ्या.
• ई-पीक पाहणी वेळेत करा. सातबाऱ्यावर धान नसेल तर बुडालेलं धान सिद्ध करणं जड जातं.

तलाठी, ग्रामसेवक आणि आपल्या खात्यातल्या मित्रांनाही एक विनंती. पंचनाम्यात नुसतं ‘पाण्यामुळे नुकसान’ असं लिहू नका. ‘पीक फुलोऱ्यावर असताना ६ दिवस शेंड्यावरून पाणी’ असं लिहा, म्हणजे वरच्या टेबलावर ते खोडायला कोणाला जमत नाही. नियम आडवा येत असेल तर ग्रामसभेचा ठराव घ्या आणि तो तहसील व कृषी कार्यालयात पोहोचसह द्या. येत्या पावसाळ्याआधीच्या ग्रामसभेत हा विषय घ्यावा, ही विनंती.