जालन्याच्या हवेत केवढं इंजिन?

जालना शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ५०० मीटर उंचीवर आहे आणि मे महिन्यात दुपारी इथला पारा चाळिशी गाठतो. भूगोलाच्या पुस्तकात या दोन गोष्टी वेगवेगळ्या धड्यांत येतात. हौसेने छोटं विमान बनवणाऱ्याला मात्र त्या एकत्रच वाचाव्या लागतात. उंचीमुळे हवेचा दाब कमी, त्यात उन्हाने हवा प्रसरण पावलेली. त्यामुळे एक घनमीटर हवेचं वजन जेमतेम १.०६ किलो भरतं. समुद्रकिनारी १५ अंश तापमानाला तेच १.२२५ किलो असतं. म्हणजे पंखांना उचलून धरायला, प्रोपेलरला मागे लोटायला आणि इंजिनाला इंधन जाळायला मिळणारी हवा सुमारे तेरा टक्क्यांनी कमी झाली. हवेच्या प्रमाण कोष्टकात ही घनता साधारण १४५० मीटर उंचीवर सापडते. महाबळेश्वरचा विल्सन पॉइंट १४३९ मीटरवर आहे. विमानापुरतं बोलायचं तर मेच्या दुपारी जालना विल्सन पॉइंटच्याही वर जाऊन बसलेलं असतं.

इंजिनाच्या खोक्यावर छापलेली ताकद या हवेत मोजलेली नसते. म्हणून मॉडेल विमान करायला निघालेल्या मुलामुलींना पहिला सल्ला मिळतो तो असा, की थोडं मोठंच इंजिन घ्या, हाताशी ताकद असलेली बरी. सल्ला देणाऱ्यांचा हेतू चांगलाच असतो, पण माझ्या मते नवशिक्यांची सर्वात जास्त विमानं याच सल्ल्याने मोडतात.

एक उदाहरण घेऊ. जाड फोमच्या शीटचं, १.२ मीटर पंखविस्ताराचं शिकाऊ विमान आहे. पंखाची रुंदी २० सेंटिमीटर, म्हणजे क्षेत्रफळ २४ चौरस डेसिमीटर. बॅटरीसकट वजन ९०० ग्रॅम. जालन्याच्या उन्हाळी हवेत हे विमान ताशी २९ किलोमीटरच्या आसपास वेग असेपर्यंत तरंगतं. त्याखाली गेलं की पंखांचा आधार सुटतो आणि नाक खाली पडतं. आता ताकद हवी म्हणून मोठी मोटर बसवली. तिला करंट पुरवायला मोठा स्पीड कंट्रोलर आला, मोठी बॅटरी आली, आणि हे सगळं पेलायला नाकात प्लायवुड आलं. वजन गेलं १३०० ग्रॅमवर. तोच किमान वेग आता ताशी ३५ किलोमीटर झाला. सहाच किलोमीटरचा फरक, असं वाटतं. पण आदळण्याची ऊर्जा वजनाच्या पटीत आणि वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढते. दोन्हींचा गुणाकार केला तर ती दुपटीच्या थोडी वरच भरते. नव्या मोटरने वर चढणं सोपं केलं खरं, पण उतरणं दुप्पट महाग करून ठेवलं, आणि शिकाऊ माणसाचं विमान बहुतेक वेळा मोडतं ते उतरतानाच.

म्हणून क्रम असा हवा: आधी पंखांचं क्षेत्रफळ, मग वजन, मग इंजिन. हा क्रम विमानविद्येच्या जन्माइतका जुना आहे. अमेरिकेत स्मिथसोनियन संस्थेचे प्रमुख सॅम्युअल लँगली यांनी ६ मे १८९६ रोजी पोटोमॅक नदीवर वाफेच्या इंजिनाचं, सुमारे ११ किलो वजनाचं, बिनमाणसाचं मॉडेल जवळपास एक किलोमीटर उडवून दाखवलं. माणूस इंजिनाच्या विमानातून उडण्याआधीची ही कामगिरी आजच्या एरोमॉडेलिंगवाल्यांनीही अभिमानाने सांगावी अशी. पुढे त्यांनी माणूस नेणारं विमान केलं आणि त्यात ५२ अश्वशक्तीचं इंजिन घातलं. त्या काळाच्या मानाने ते इंजिन अप्रतिमच होतं. पण मॉडेलसाठी चाललेला सांगाडा आणि फेकणीची यंत्रणा मोठ्या आकारात टिकली नाही. १९०३ च्या ऑक्टोबरात एकदा आणि ८ डिसेंबरला पुन्हा, ते विमान सरळ पाण्यात गेलं. नऊच दिवसांनी, १७ डिसेंबरला, राइट बंधू उडाले ते १२ अश्वशक्तीवर. त्यांनी पंख, वजन आणि प्रोपेलर यांचा हिशेब आधी मांडला होता. त्यातून आठ अश्वशक्ती पुरेल असं उत्तर आलं होतं. चार्ली टेलर यांनी बनवलेल्या इंजिनाने बारा दिली, तेव्हा त्यांना ती चैनच वाटली असेल.

आता इंजिनाच्या आकड्यांकडे येऊ. इंधनावर चालणाऱ्या मॉडेल इंजिनांचं माप अजूनही घनइंचात सांगतात. एक घनइंच म्हणजे १६.४ सीसी. त्यामुळे ०.०४९ म्हणजे ०.८ सीसी, ०.१५ म्हणजे अडीच सीसी, ०.४० म्हणजे साडेसहा, ०.४६ म्हणजे साडेसात आणि ०.६० म्हणजे जवळपास दहा सीसी. जगभर ज्याला ‘फॉर्टी साइज ट्रेनर’ म्हणतात ते विमान साधारण दीड मीटर पंखांचं, ४५ चौरस डेसिमीटर क्षेत्रफळाचं आणि २.३ ते २.५ किलो वजनाचं असतं. समुद्रकिनाऱ्यावर त्याला ०.४० चं टू-स्ट्रोक इंजिन पुरतं. जालन्यात मात्र मी ०.४६ घ्यायला सांगेन, आणि त्याच्या पुढे जाऊ नका असंही सांगेन. ०.४० आणि ०.४६ ची इंजिनं बहुतेक कंपन्या जवळजवळ त्याच आकारात आणि वजनात बनवतात. त्यामुळे वजन फारसं न वाढता पंधरा टक्के जास्त सीसी मिळतात आणि हवेने कापलेले तेरा टक्के भरून निघतात. ०.६० वर गेलं की इंजिन, माउंट, टाकी सगळंच जड होतं आणि मोठ्या मोटरची गोष्ट पुन्हा सुरू होते. फोर-स्ट्रोक हवं असेल तर दीडपट सीसी धरा. त्याचा आवाज भारदस्त असतो आणि मोठा प्रोपेलर ते सावकाश, जोरकस फिरवतं, पण शिकताना त्याची गरज नाही.

खोक्यावरची अश्वशक्ती कुठल्या फेऱ्यांना मोजली आहे तेही पाहावं. मिनिटाला १६,००० फेऱ्यांना दीड अश्वशक्ती असं लिहिलेलं असतं. पण ११ बाय ६ चा (११ इंच व्यास, ६ इंच पिच) प्रोपेलर लावला की इंजिन जमिनीवर साधारण १२,००० च्या आसपासच फिरतं. छापलेली ताकद शिकाऊ विमानाच्या वाट्याला कधी येतच नाही.

या इंजिनांत ठिणगी नसते. १९४७ मध्ये रे आर्डेन यांनी ग्लो प्लग बाजारात आणला. प्लॅटिनमची बारीक तार सुरुवातीला बॅटरीने तापवायची. पुढे मिथेनॉलची वाफ तिला स्पर्श करून ती आपोआप लाल ठेवते. इंधन म्हणजे मिथेनॉल, त्यात वंगणासाठी साधारण पाचवा हिस्सा तेल, आणि जमलं तर थोडं नायट्रोमिथेन. ते तेल म्हणजे बहुधा एरंडेल. खूप तापूनही ते धातूवर थर धरून राहतं, म्हणून इतकी वर्षं त्याला पर्याय सापडूनही ते टिकलं आहे. एनसीसीच्या वायुदल शाखेत एरोमॉडेलिंग शिकवतात. तिथल्या, दोरीला बांधून गोल फिरवायच्या ‘कंट्रोल लाइन’ विमानात छोटं डिझेल इंजिन असलं तर त्यात ईथर, केरोसीन आणि एरंडेल असं मिश्रण लागतं. एकदा तो वास नाकात बसला की विसरत नाही.

इंजिनाचा आकार योग्य असूनही इंधनाचं प्रमाण ठरवणारी सुई चुकीच्या जागी असेल तर सगळं वाया जातं. तपासायची रीत जुनी आहे आणि अजून तिच्याइतकी चांगली दुसरी नाही. विमान कुणीतरी मागून घट्ट धरायचं, आपण प्रोपेलरच्या मागच्या बाजूला राहायचं, थ्रॉटल पूर्ण उघडायचा आणि टाकीकडून येणारी सिलिकॉनची नळी दोन बोटांत अर्धा क्षण चिमटायची. आवाज किंचित चढून परत खाली बसला तर मिश्रणात इंधन थोडं जास्त आहे, हेच हवं. चिमटताच आवाज गळाला तर इंधन आधीच कमी पडतंय, आणि असं इंजिन हवेत गेल्यावर तापून बंद पडणार. मेमध्ये हवा विरळ असल्यामुळे डिसेंबरची सुई तशीच ठेवून चालत नाही, ती थोडी आत घ्यावी लागते. पण पूर्ण कसायची नाही. जास्तीचं इंधनच इंजिनाला थंड ठेवतं.

एवढं सगळं सांगूनही, आज जालना, परतूर किंवा अंबडमधला कुणी मुलगा विचारत असेल तर मी विजेची मोटर सुचवेन. मिथेनॉल विषारी आहे, पोटात गेलं तर दृष्टी जाऊ शकते, उन्हात त्याची ज्वाला दिसत नाही, आणि त्याच्या विक्रीवर नियंत्रण आहे, ते योग्यच आहे. दुसरं कारण तांत्रिक, पण महत्त्वाचं. इंधनाचं इंजिन श्वास घेतं, विरळ हवेत त्याची ताकदच घटते. मोटर श्वास घेत नाही. विरळ हवेत प्रोपेलर तिला हलका लागतो, ती कमी करंट ओढते, आणि तेवढी राखीव ताकद प्रोपेलर थोडा मोठा करून परत मिळवता येते.

मोटरचं माप सीसीत नसतं, वॉटमध्ये पाहायचं. शांत शिकाऊ विमानाला किलोमागे १५० वॉट पुरतात, कसरती करायच्या तर २२० च्या पुढे. आपल्या ९०० ग्रॅमच्या विमानाला १३५ वॉट झाले. तीन सेलच्या लिपो बॅटरीचे ११.१ व्होल्ट धरले तर बारा अँपिअर. सहज मिळणारी २२१२ मापाची, १००० केव्हीची मोटर १० बाय ४.५ च्या प्रोपेलरवर एवढं आरामात देते. २२१२ मधले पहिले दोन आकडे आतल्या स्टेटरचा व्यास मिलिमीटरमध्ये सांगतात, पुढचे दोन त्याची उंची. केव्ही म्हणजे एका व्होल्टला मोकळ्या मोटरचे मिनिटाला फेरे. त्या प्रोपेलरवर ती साधारण ८,००० फेरे घेते. पिच, म्हणजे एका फेऱ्यात पुढे सरकण्याचं अंतर, साडेचार इंच असल्याने प्रोपेलरची चाल ताशी ५५ किलोमीटर येते, म्हणजे आपल्या किमान वेगाच्या दुपटीजवळ. हे प्रमाण बरोबर जुळलं आहे. कंट्रोलर ३० अँपिअरचा घ्या. बारा अँपिअरसाठी तो मोठा वाटेल, पण जालन्याच्या उन्हात कंट्रोलरला ही मोकळीक लागते.

प्रोपेलर बदलताना मात्र जपून. त्याला लागणारी ताकद व्यासाच्या चौथ्या घाताने वाढते. फेरे तेवढेच राहिले तर १० इंचावरून ११ वर जाताना ती ४६ टक्क्यांनी चढते. मेच्या हवेतली सूट वजा केली तरी डिसेंबरपेक्षा एक तृतीयांश जास्त उरते. म्हणून आधी वॉटमीटर जोडून पूर्ण थ्रॉटलवर दहा सेकंद पाहायचं, आणि मग मोटरला बोट लावायचं. बोट ठेववत नसेल तर प्रोपेलर उतरवा.

वजनाला आणखी एक अर्थ आहे, तो कायद्याचा. ड्रोन नियम, २०२१ नुसार शिक्षण, संशोधन किंवा हौसेसाठी नजरेच्या टप्प्यात उडवलेल्या, २५ किलोंपर्यंतच्या मॉडेलला प्रकार प्रमाणपत्र लागत नाही. २५० ग्रॅम ते २ किलो हा ‘मायक्रो’ गट. तो हौसेसाठी उडवायला पायलटचं प्रमाणपत्रही लागत नाही. फोमचं विमान या रेषेच्या खूप आत राहतं. फॉर्टी साइजचं ट्रेनर मात्र रेषा ओलांडतं. उडवण्याआधी डिजिटल स्कायच्या नकाशावर आपली जागा हिरव्या पट्ट्यात आहे ना, हे पाहून घ्यायचं. तिथे ४०० फुटांपर्यंत मुभा असते. शहराजवळ धावपट्टी आहे म्हणून तिकडे विमान घेऊन जायचं नाही.

जागा म्हणाल तर सोयाबीन निघालेलं रान चांगलं, शेतमालकाला विचारून. काळ्या मातीत ढेकळं असतात आणि लहान चाकं त्यात अडकून विमान नाकावर पालथं होतं. म्हणून एक तर चाकं मोठी लावा, नाही तर चाकं काढून हातानेच फेका. तेवढंच वजनही वाचतं. शेजारच्या उभ्या कपाशीत विमान पडलं तर झाडं हळूच बाजूला सारत शोधायचं, बोंडं मोडायची नाहीत. शिकायला सुरुवात डिसेंबरात सकाळी करावी. तेव्हा १२ अंशाला इथली हवा मेच्या दुपारपेक्षा जवळपास दहा टक्के दाट असते आणि तेच विमान, त्याच मोटरवर, कमी वेगातही तोल सांभाळून धरतं.