घराची किंमत आधी, सही नंतर

घटस्फोटाची बोलणी सुरू झाली की आपल्याकडे आधी मुलांचं बघतात, मग दागिन्यांचं. घराचा विषय शेवटी निघतो आणि बैठकीतलं कुणीतरी वडीलधारं माणूस म्हणतं, “घराबद्दल चार लाख घे आणि मोकळी हो.” हे चार लाख कुठून आले, ते विचारायचं त्या घटकेला बाईला सुचत नाही. म्हणून थोडी माहिती आधीच असलेली बरी.

पहिलं म्हणजे, घर कुणाच्या नावावर आहे? गोव्यात वेगळा करार नसेल तर नवरा-बायकोची मिळकत साधारणपणे सामाईक धरतात. आपल्याकडे तसं नाही. नवऱ्याच्या एकट्याच्या नावावरचं घर घटस्फोटात आपोआप निम्मं होत नाही. मात्र हिंदू विवाह कायदा, १९५५ च्या कलम २५ प्रमाणे कायमची पोटगी ठरवताना त्याची मिळकत विचारात घेतात. शिवाय पोटगीच्या दाव्यात दोघांनीही आपली मिळकत आणि देणी शपथपत्रावर सांगावीत, असं सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०२० च्या निकालात सांगितलं आहे. म्हणजे घर नावावर नसलं तरी त्याची किंमत आपल्या कामाची आहेच. दोघांच्या नावावर असेल तर मग हिश्शाचाच प्रश्न येतो.

खेड्यात ग्रामपंचायतीतून नमुना नंबर ८ चा उतारा काढावा, शहरात सिटी सर्व्हेचं मालमत्ता पत्रक. नमुना ८ हा घरपट्टीचा कागद आहे. मालकीसाठी खरेदीखतही पाहावं लागतं.

आता किंमत. सरकारी रेडी रेकनरचा दर मुद्रांक शुल्कासाठी असतो. बाजारभाव त्याहून वेगळा असू शकतो. मूल्यांकन करणारा साधारणपणे जागेची आणि बांधकामाची किंमत वेगवेगळी काढतो. बांधकाम जुनं होतं तसा त्यातून घसारा वजा होतो, जागेला घसारा नाही. म्हणून तुळजापूरला किंवा उमरग्याला भर रस्त्यावरचं जुनं माळवदाचं घर असेल, तर “पडकं तर आहे, काय येणार त्याचं?” असं म्हणणाऱ्याचं ऐकू नये.

समजा, जागा १००० चौरस फूट आणि भाव फुटाला ६०० रुपये. जागेचे झाले ६ लाख. बांधकाम ५०० फूट, दर १२०० रुपये, म्हणजे आणखी ६ लाख. त्यातून ४० टक्के घसारा गेला तर उरले ३ लाख ६० हजार. एकूण ९ लाख ६० हजार. बँकेचं २ लाख कर्ज बाकी असेल तर हाती ७ लाख ६० हजार. कुठे हे आणि कुठे बैठकीतले चार लाख!

मूल्यांकन सरकारमान्य माणसाकडूनच करून घ्यावं. जमलं तर दोघांच्या संमतीने एकच माणूस नेमावा, नाहीतर आपला वेगळा. तो पाहणीला येईल तेव्हा घरी हजर राहून बोअर, वरची खोली, मागची मोकळी जागा सगळं दाखवावं. अहवालाची प्रत मागून घ्यावी आणि किंमत कोणत्या तारखेची आहे तेही पाहावं.

वकिलाची फी परवडत नाही म्हणून गप्प बसू नका. १९८७ च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे स्त्रियांना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मागता येतो. धाराशिवच्या जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा. आणि तोवर कोणी कितीही घाई केली, तरी कोऱ्या किंवा न वाचलेल्या कागदावर सही करू नये.