सोमवारची पोटदुखी आणि वर्गातली जागा

सोमवारी सकाळी शाळेची व्हॅन यायची वेळ झाली की मुलाचे पोट दुखू लागते. रविवारी दुखत नाही, मे महिन्याच्या सुट्टीतही दुखत नाही. विहारात वंदना आटोपल्यावर पालक ही तक्रार आम्हाला अनेकदा सांगतात. अशा वेळी आधी डॉक्टरांना दाखवावे. जंत, बद्धकोष्ठता, लघवीचा संसर्ग ही कारणे तपासून घ्यावीत. मात्र तपासणीत काही निघाले नाही, म्हणून ‘नाटक करतो’ असे म्हणत मुलाला रागावू नये. पहिली ते पाचवीच्या वयात मनावरचा ताण शब्दांत सांगता येत नाही. तो पोटदुखी, डोकेदुखी, झोपेत दचकणे, अंथरूण ओले करणे अशा रूपाने बाहेर पडतो. मेंदू आणि आतडी मज्जातंतूंनी जोडलेली असल्याने भीतीने पोटात खरोखरच कळ येते.

ही भीती नेहमी अभ्यासाचीच असते असे नाही. ‘वर्गात माझे कोणी नाही’ ही भावनाही तिच्या मुळाशी असू शकते.

आपल्या खारघरचेच पाहा. सिडकोने वसवलेल्या या शहरात एकाच वर्गात ओवे, मुर्बी, कोपरा या मूळ गावांतली मुले असतात, सेक्टर ३६ मधील स्वप्नपूर्तीतली असतात, टॉवरमधली असतात, विदर्भ-मराठवाड्यातून आणि परराज्यांतून आलेल्या कुटुंबांतली असतात. खासगी शाळांत शिक्षण हक्क कायद्याच्या २५ टक्के जागांवर आलेली मुलेही असतात. हजेरीपटावर सगळी एकत्र आहेत. पण मधल्या सुट्टीत कोण कोणाबरोबर डबा खाते, ते पाहिले की वर्ग खरोखर किती एकत्र आहे ते कळते.

एका खोलीत असूनही वेगळे असणे म्हणजे काय, हे आपल्या समाजाला कोणी समजावून सांगायला नको. साताऱ्याच्या शाळेत बाबासाहेबांना कोपऱ्यात वेगळ्या गोणपाटावर बसावे लागे. ते गोणपाटही रोज घरी न्यावे आणि दुसऱ्या दिवशी परत आणावे लागे. शिपाई हजर नसला तर पाणी मिळत नसे. आज वर्गात गोणपाट नाही. तरीही ज्या मुलाला कोणी गटात घेत नाही, त्याला आपली जागा बरोबर कळते.

गट म्हणजे काय?

चार बाके जोडली म्हणजे सहकारी शिक्षण झाले, असे नाही. अशा गटात बहुधा एक हुशार मूल सगळे काम करते, दोघे त्याचे उतरवून घेतात आणि एक जण खिडकीबाहेर बघत बसतो. प्रत्येकाच्या हातात असे काही हवे, की त्याच्यावाचून बाकीच्यांचे काम अडेल.

१९७१ साली अमेरिकेत टेक्सास राज्यातील ऑस्टिन शहरात नेमका हाच प्रश्न उभा होता. गोरी, कृष्णवर्णीय आणि मेक्सिकन वंशाची मुले प्रथमच एका वर्गात बसू लागली होती आणि भांडणे वाढली होती. मानसशास्त्रज्ञ एलियट अ‍ॅरन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी धड्याचे तुकडे करून गटातील प्रत्येक मुलाला एकेक तुकडा दिला. सारखाच तुकडा मिळालेली वेगवेगळ्या गटांतली मुले आधी एकत्र बसून तो नीट समजून घेत. मग आपापल्या गटात परतून तो इतरांना शिकवत. परीक्षा मात्र सर्वांची पूर्ण धड्यावर. त्यामुळे ज्याला चिडवत होते, त्याचेच म्हणणे लक्ष देऊन ऐकावे लागले. काही आठवड्यांत मुलांमधला दुरावा कमी झाला, आत्मविश्वास वाढला. मागे पडलेल्या मुलांचे गुण सुधारले आणि पुढच्यांचे घटले नाहीत.

आपल्या महाराष्ट्रातही उदाहरण आहे. पुणे जिल्ह्यात खेड तालुक्यातील जालिंदरनगरच्या जिल्हा परिषद शाळेत दत्तात्रय वारे गुरुजींनी ‘विषयमित्र’ पद्धत रुजवली. तेथे वेगवेगळ्या वयाची मुले एकमेकांना शिकवतात. २०२५ साली ही शाळा जगातील सर्वोत्तम शाळांच्या पुरस्काराच्या अंतिम यादीत पोहोचली.

यात आरोग्य कुठे आले? ‘मला येत नाही’ हे मित्राला सांगणे शिक्षकांना सांगण्यापेक्षा सोपे असते, त्यामुळे धास्ती कमी होते. दुसऱ्याला शिकवताना आपलेही पक्के होते. मुख्य म्हणजे, आपण नसलो तर कोणाचे तरी अडेल, हे मुलाला कळते. मग शाळेत जावेसे वाटते.

पालकांनी काय करावे?

पालकसभेत फक्त गुणांबद्दल विचारू नका. माझे मूल कोणाशेजारी बसते? गट कोण पाडते, शिक्षक की मुले? गटातली कामे आळीपाळीने बदलतात का? हेही विचारा. घरी ‘कितवा नंबर आला?’ ऐवजी ‘आज कोणाला काय शिकवलेस, कोणाकडून काय शिकलास?’ असे विचारा.

विहारातील रविवारच्या वर्गातही हे करता येईल. ‘पाणी’ हा विषय घ्या. हेटवणे धरण, पाण्याचे शुद्धीकरण, इमारतीची टाकी, दूषित पाण्याचे आजार आणि पाण्याची बचत असे पाच तुकडे पाच मुलांना द्या. अबोल मुलाला बोलायला थोडा जास्त वेळ द्या. त्याच्या वतीने मोठ्यांनी उत्तर देऊ नये.

मात्र जातीवरून टोमणे, मारहाण किंवा सततची चेष्टा होत असेल, तर गट पाडून प्रश्न सुटणार नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नुसार शाळेत शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळाला बंदी आहे. मुख्याध्यापकांकडे लेखी तक्रार करून पोच घ्या. दोन आठवड्यांहून अधिक काळ मूल गप्प असेल, जेवत-झोपत नसेल किंवा शाळा टाळत असेल, तर बालरोगतज्ज्ञ वा समुपदेशकांना भेटा. मुलांसाठी १०९८ आणि मानसिक आरोग्यासाठी टेलिमानसचा १४४१६ हे क्रमांक विनामूल्य आहेत.

पुढच्या सोमवारी मुलाचे पोट दुखले, तर औषधाबरोबर एक प्रश्नही विचारा : ‘बाळा, मधल्या सुट्टीत तू कोणाबरोबर डबा खातोस?’