मन्स्टर कुटुंबाला शेजारी हवेत

अमेरिकेत 1964च्या सप्टेंबरमध्ये आठवड्याभरात दोन भुताळी कुटुंबं दूरचित्रवाणीवर राहायला आली. 18 तारखेला एबीसी वाहिनीवर ‘द ॲडम्स फॅमिली’, 24 तारखेला सीबीएसवर ‘द मन्स्टर्स’. 1966च्या मेपर्यंत दोन्ही मालिका आटोपल्याही. मोठ्या पडद्याने मात्र दोघांना सारखं वागवलं नाही. ॲडम्स कुटुंबावर बॅरी सॉनेनफेल्डने 1991मध्ये काढलेला चित्रपट जगभर तुफान चालला आणि पुढच्या चित्रपटांची वाट मोकळी झाली. मन्स्टर कुटुंबाच्या वाट्याला 1966चा ‘मन्स्टर, गो होम!’ आला, मग दूरचित्रवाणीसाठीचे काही चित्रपट आणि 2022मध्ये रॉब झॉम्बीचा ‘द मन्स्टर्स’. यातल्या एकालाही मालिकेची सर नाही. रंग, पैसा, नटांचं वय अशी अनेक कारणं यासाठी पुढे केली जातात. माझ्या मते खरं कारण पटकथेत आहे. मन्स्टर मंडळींचा विनोद शेजाऱ्यांवर जगतो आणि चित्रपटवाल्यांनी नेमके शेजारीच काढून टाकले.

हा विनोद घडला कसा, ते आधी पाहू. युनिव्हर्सल स्टुडिओचे 52 जुने भयपट 1957मध्ये एकगठ्ठा दूरचित्रवाणीला विकले गेले आणि ज्या पोरांचे आईबाप ते चित्रपट थिएटरात पाहून घाबरले होते, ती पोरं रात्री दिवाणखान्यात बसून तेच चित्रपट हसतखिदळत पाहू लागली. राक्षस घरातला झाला. 1931च्या ‘फ्रँकेन्स्टाइन’साठी रंगभूषाकार जॅक पियर्सने घडवलेला सपाट माथ्याचा, मानेत खिळे ठोकलेला चेहरा युनिव्हर्सलच्या मालकीचा होता, आणि ‘द मन्स्टर्स’ही तिथेच तयार होत असल्याने तो बिनदिक्कत वापरता आला. पण मालिकेचे निर्माते जो कॉनेली आणि बॉब मोशर हे भयपटांतले नव्हेतच. ‘लीव्ह इट टू बीव्हर’ ही 1957 ते 1963 चाललेली सोज्वळ कौटुंबिक मालिका त्यांची. त्यांनी कथेचा सांगाडा तोच ठेवला: कामावर जाणारा भाबडा बाप, घर सांभाळणारी आई, शाळेत जाणारा मुलगा, आणि प्रत्येक भागात एखादी किरकोळ घरगुती अडचण. बदलले ते फक्त चेहरे. बाप हर्मन तोच सपाट माथा घेऊन अंत्यविधी करणाऱ्या पेढीत नोकरीला, लिली जाळी काढण्याऐवजी ती नीट पसरवणारी गृहिणी, तिचे वडील, म्हणजे घरातले आजोबा, पिशाच, मुलगा एडी लांडग्याच्या कुळातला. पहिल्या वर्षाच्या शीर्षकदृश्यात लिली दारात उभी राहून एकेकाला निरोप देते, ती ‘द डॉना रीड शो’ या तेव्हाच्या आदर्श गृहिणीच्या मालिकेची उघड नक्कल होती.

या सगळ्याला धार येते ती एका गोष्टीने. मन्स्टर मंडळींना आपण वेगळे आहोत हे ठाऊकच नाही. दारावर आलेला माणूस किंचाळत पळाला, तर त्यांना वाटतं बिचाऱ्याला बरं नसावं. घरात एकच धडधाकट, देखणी मुलगी, भाची मॅरिलिन. आणि सगळं घर तिच्या रूपाबद्दल हळहळतं. तिला पोचवायला आलेला तरुण हर्मनला पाहून धूम ठोकतो, आणि घरचे समजतात की पोरीच्या चेहऱ्यामुळेच स्थळ गेलं. हा विनोद व्हायला दोन बाजू लागतात: आत स्वतःला चारचौघांसारखं समजणारे राक्षस आणि बाहेर खरोखरचे चारचौघे. मॉकिंगबर्ड लेनवरचं 1313 क्रमांकाचं घर कितीही कोळिष्टकांनी भरलेलं असो, गंमत त्याच्या दारात होते, कारण दारासमोर रस्ता आहे आणि रस्त्यावर पोस्टमन आहे.

‘मन्स्टर, गो होम!’ने काय केलं? मालिका मे महिन्यात संपली आणि त्याच उन्हाळ्यात हा रंगीत चित्रपट आला, दिग्दर्शक अर्ल बेलामी. इंग्लंडमधला एक काका वारतो, हर्मन अचानक लॉर्ड मन्स्टर होतो आणि सगळं बिऱ्हाड बोटीने निघतं. बोटीवरचा भाग छान जमलाय, आणि का जमलाय ते पाहण्यासारखं आहे. तिथे आजूबाजूला सामान्य प्रवासी आहेत. आजोबा चुकीची गोळी घेऊन लांडगा होतात आणि त्यांना ब्रिटिश कस्टमच्या लोकांपासून लपवून न्यावं लागतं. राक्षस आणि सरकारी नियम समोरासमोर आले की ही मंडळी लगेच खुलतात. मग ती मन्स्टर हॉलमध्ये पोचतात आणि चित्रपट बसतो. जुना वाडा, तळघर, कपटी नातेवाईक, खोट्या नोटांचा धंदा, आणि दारात खानसामा म्हणून जॉन कॅराडाइन, ज्याने चाळीसच्या दशकात युनिव्हर्सलच्याच दोन चित्रपटांत ड्रॅक्युला रंगवला होता. अशा घरात हर्मन विचित्र दिसणार कसा? तो तिथे शोभतो, आणि तिथेच विनोदाचा दम उखडतो. टेरी-टॉमस आणि हर्मायनी गिंगोल्ड हे कसलेले विनोदी नट आहेत, पण त्यांना हर्मनला घाबरायचं नाही, त्याला घाबरवायचंय. भूमिका उलटल्या. शेवटच्या शर्यतीत शवपेटीपासून बनवलेली ‘ड्रॅग्युला’ मोटार धावते, पोरं खूश होतात, पण ती गंमत मोटारीची आहे.

यावर पहिला आक्षेप रंगाचा. कृष्णधवल मालिकेत जुन्या भयपटांची सावली होती आणि रंगात हर्मनचा हिरवट चेहरा जत्रेतल्या मुखवट्यासारखा दिसतो, असं म्हणतात. ते खरंही आहे. पण बोटीवरची दृश्यंही त्याच रंगांत आहेत आणि तरी ती चालतात. दुसरा आक्षेप काळाचा: 1966च्या जानेवारीत एबीसीने रंगीत ‘बॅटमॅन’ आणला, त्याचा गुरुवारचा भाग थेट ‘द मन्स्टर्स’च्या वेळेवर आदळला आणि कुटुंबाची सद्दी संपली. यातून मालिका का बंद पडली ते कळतं, चित्रपट मधूनच का ढेपाळतो ते कळत नाही. तिसरा आक्षेप मात्र दमदार आहे. ॲडम्स कुटुंबही आपल्या वाड्यात रमतं, मग त्यांचा चित्रपट कसा चालला? कारण तो मुळात निराळा प्राणी आहे. चार्ल्स ॲडम्सच्या ‘न्यूयॉर्कर’मधल्या व्यंगचित्रांतून आलेली ही माणसं खानदानी, श्रीमंत आणि आपल्या विचित्रपणावर मनापासून खूश आहेत, गोमेझ आणि मॉर्टिशा हे नवराबायको एकमेकांवर इतके लुब्ध आहेत की जगाचं मत त्यांना नकोच. मन्स्टर मंडळी नोकरदार आहेत आणि त्यांना वस्तीत मान हवा आहे. अनेकांना त्यांच्यात युरोपातून आलेलं स्थलांतरित कुटुंब दिसतं ते यामुळेच. आणि गंमत म्हणजे 1993च्या दुसऱ्या ॲडम्स चित्रपटातला सगळ्यात लखलखीत भाग कोणता? गोऱ्यागोमट्या, गाणी म्हणणाऱ्या पोरांच्या उन्हाळी शिबिरात ॲडम्सांच्या लेकीला, वेन्सडेला, टाकलंय तो.

रॉब झॉम्बी ‘द मन्स्टर्स’ मालिकेचा भक्त. 1998च्या त्याच्या गाजलेल्या ‘ड्रॅग्युला’ गाण्याचं नाव त्याच मोटारीवरून आलेलं. हंगेरीत चित्रित केलेल्या 2022च्या चित्रपटात त्याने हर्मन आणि लिलीच्या प्रेमाची पूर्वकथा सांगितली. रक्ताच्या चिळकांड्यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या दिग्दर्शकाने मुलांना चालेल असा चित्रपट केला, हे धाडसच. मालिकेवरची त्याची माया चौकटीचौकटीत दिसते. पण कथेचा मोठा भाग ट्रान्सिल्व्हेनियात घडतो, जिथे रस्त्यावरचा प्रत्येक जण राक्षस आहे. पूर्वकथा असल्याने मॅरिलिन नाही, एडी नाही, पोस्टमन नाही. प्रेमकथेला प्रेमकथेचे नियम लावा, असं कुणी म्हणेल. ते मान्य, पण मग हर्मनच्या जागी कोणताही बावळट प्रियकर चालला असता. तिथला वाडा हातचा गेल्यावर ही मंडळी अमेरिकेत येतात तेव्हा चित्रपट संपत आलेला असतो. योगायोगाने ती हॅलोविनची रात्र असते. गल्लीतली झाडून सगळी माणसं भुताखेतांच्या वेषात नाचताना पाहून मन्स्टर मंडळींना वाटतं, आपल्यासारखीच वस्ती मिळाली. दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडतात, तर समोर हसरी, नीटनेटकी, गुलाबी गालांची माणसं, आणि ती पाहून यांची बोबडी वळते. जवळजवळ दोन तासांच्या चित्रपटातला हा एकमेव अस्सल मन्स्टर विनोद आहे, आणि झॉम्बीने तिथूनच सुरुवात करायला हवी होती.