घरासाठीं जुनी मोटार

आमच्या अकलूजास दिवाळीच्या सुमारास घोड्यांचा मोठा बाजार भरतो. त्या बाजारांत जाणतें गिऱ्हाईक प्रथम काय करतें, तर घोड्याचा ओंठ वर करून दांत पाहतें. विकणारा जनावराच्या चालीचें नि रंगाचें कितीहि वर्णन करो, दांतांनीं सांगितलेलें वय त्याला खोडून काढतां येत नाहीं. जुनी मोटार घ्यावयास निघालेल्या गृहस्थाची अडचण हीच कीं, मोटारीचे दांत कोठें असतात हें त्याला ठाऊक नसतें. मी कांहीं यंत्रशास्त्री नव्हें. मॅट्रिक झालेला एक सेवानिवृत्त शाळामास्तर आहें. परंतु एकदां फसल्यामुळें जें कळलें, तें आपणांपुढें ठेवतों.

आमच्या घरीं लहानमोठीं सात माणसें. अशा घरांना पूर्वी मारुतीच्या ओम्नीचा मोठा आधार होता. ही गाडी १९८४ सालीं निघाली. इंजिन पुढच्या आसनांखालीं असल्यामुळें मागें जागा ऐसपैस. मात्र चालकाच्या गुडघ्यांपुढें एका पत्र्यावांचून फारसें कांहीं नाहीं. नव्या सुरक्षा-नियमांत ती बसेना, म्हणून २०१९ सालीं तिचें उत्पादन थांबलें. ती आज स्वस्त मिळते हें खरें. पण नातवंडें बसवावयाचीं असतील तर मी ती घेणार नाहीं. २०१० सालीं आलेली इको तिच्याच वळणाची. २०१२ पासूनची अर्टिगा आणि २००५ पासूनची इनोव्हा या तीन रांगांच्या गाड्या अधिक घरगुती. पैकीं इनोव्हा दणकट, परंतु खर्चहि तसाच.

गाडी पाहावयास जातांना घरांतील वडील माणसांस बरोबर न्यावें आणि तिसऱ्या रांगेंत पंधरा मिनिटें बसवावें. आमच्या सौभाग्यवतींचे गुडघे दुखरे. मधलें आसन दुमडून मागें शिरणें हें त्यांना किती अवघड आहे, तें माहितीपत्रकांत कोठेंच लिहिलेलें नव्हतें. गॅसवर चालणारी गाडी असेल तर टांकी सामानाची जागा खाते. त्या टांकीची तपासणी दर तीन वर्षांनीं करावी लागते. तिचा दाखला मागून घ्यावा.

आतां माझ्या फसवणुकीची हकीकत. कोल्हापूर-सांगलीकडे ऑगस्ट २०१९ मध्यें महापूर आला, पुन्हां जुलै २०२१ मध्यें आला. हजारों घरांबरोबर मोटारीहि पाण्याखालीं गेल्या, आणि त्यांपैकीं कांहीं धुऊनपुसून दूरच्या गांवीं विकल्या गेल्या. त्यांतलीच एक माझ्या वांट्याला आली. विकणाऱ्यानें आंत अत्तराचा फवारा मारला होता. मला तें अगत्य वाटलें! चार महिन्यांनीं पंढरपुराहून परततांना, वेळापूर मागें टाकल्यावर, गाडीचे सर्व दिवे एकाएकीं विझले. उसाचा हंगाम, रात्रीचे नऊ, मागें मोळ्यांनीं लादलेल्या ट्रॉल्यांची रांग, आणि गाडींत सहा महिन्यांची गरोदर सून. मुलानें मोबाईलचा उजेड हालवीत मागच्या ट्रॅक्टरवाल्यास थांबविलें नसतें, तर आज हें भाषण करावयास मी नसतों. तारांच्या जोडांत चिखल सुकून गंज चढला होता, असें मिस्त्रीनें दुसऱ्या दिवशीं दाखविलें.

पुराची गाडी ओळखावयाची खूण अगदीं सोपी आहे, आणि ती मला कोणी सांगितली नाहीं याचें अजून वाईट वाटतें. सीटबेल्ट ओढून शेवटपर्यंत बाहेर काढावा. आंतल्या टोंकाला मातकट रेषा दिसली तर तेथूनच नमस्कार करून परतावें. बैठक धुतां येते, पण हा पट्टा पुरता उलगडून धुण्याचें बहुतेकांस सुचत नाहीं. मग स्टेपनीची जागा उघडून गाळ पाहावा, गालिचा उचलून आसनाच्या रुळांवरील गंज पाहावा. सुगंध जास्त असेल तर शंकाहि जास्त घ्यावी.

किलोमीटरचा आंकडा मागें फिरवितां येतो, म्हणून त्यावर विसंबूं नये. आंकडा चाळीस हजारांचा आणि ब्रेकच्या पायट्याचें रबर मात्र गुळगुळीत, असें असेल तर पायटाच खरा. टायरच्या कडेवर चार अंक असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. पांच वर्षांच्या गाडीला नऊ वर्षांचा टायर कोठून आला, हें विचारण्याचा आपणांस हक्क आहे. इंजिन थंड असतांनाच सुरू करवावें. आपण पोंचण्यापूर्वींच तें गरम असेल तर कांहीं झांकलेलें असण्याचा संभव. निळसर धूर म्हणजे तेल जळतें. पांढरा धूर पहांटेच्या गारठ्यांत क्षणभर येतो, पण तो थांबेचना तर पाणी आंत शिरतें आहे असें समजावें.

कागदपत्रांकडे आम्हां मास्तरांचें लक्ष सहज जातें. शेत घेतांना सातबाऱ्यावरील बोजा आपण पाहतों. गाडीच्या आरसी बुकावर बँकेचें नांव असेल तर तोहि बोजाच. बँकेचा ना-देय दाखला आणि फॉर्म ३५ मिळाल्याशिवाय पैसे देऊं नयेत. गाडी पूर्वीं पिवळ्या पाटीची, म्हणजे भाड्याची होती काय, हेंहि विचारावें. तशी गाडी रीतसर खाजगी करतां येते, पण ती धांवलेली असते फार. चॅसिसवरील क्रमांक कागदाशीं अक्षरशः ताडून पाहावा.

नांव चढविण्याचें काम मात्र उद्यांवर टाकूं नये. राज्यांतल्या राज्यांत विक्री असेल तर विकणाऱ्यानें चवदा दिवसांत आणि घेणाऱ्यानें तीस दिवसांत कार्यालयास कळवावयाचें असतें. त्यासाठीं फॉर्म २९ आणि ३० आहेत. गाडी हातोहात फिरली आणि अपघात झाला, तर दप्तरीं ज्याचें नांव तोच भरपाईस जबाबदार, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१८ चा निर्णय आहे. म्हणजे नुसत्या विश्वासानें चावी देणाराहि अडकतो.

दुसरी गाडी आम्हीं ओळखीच्या मिस्त्रीला दिवसभराची मजुरी देऊन पाहिली. पहिल्या दोन त्यानेंच नाकारल्या; तिसरीचा पट्टा सौभाग्यवतींनीं स्वतः ओढून पाहिला. नांवबदलाचा अर्ज त्याच आठवड्यांत येथल्या एमएच ४५ च्या कार्यालयांत दिला, आणि त्याची पोंच अजून माझ्या जुन्या हजेरीपत्रकांत जपून ठेवलेली आहे.